खाडीकाठच्या कातळावर बोल्डरिंग: बेलापूर-मुंब्र्याच्या डोंगरात सुरुवात कशी करावी

बोल्डरिंग म्हणजे कमी उंचीच्या धोंड्यांवर चढायचा खेळ. यात दोर नसतो, हार्नेस नसतो. दीड-दोन पुरुष उंचीचे धोंडे, पायात घट्ट बूट, कमरेला चॉकची पिशवी आणि खाली जाड पॅड, एवढ्यावर सगळं चालतं. त्यामुळे इथलं प्रत्येक पडणं थेट जमिनीपर्यंतचं असतं. दोरावर चढणाऱ्याचा हात सुटला तर तो लोंबकळतो. बोल्डरवर चढणारा सरळ खाली येतो. एवढं मनात पक्कं बसलं की कुठला धोंडा निवडायचा, किती जणांनी जायचं, पॅड कसा टाकायचा, कधी माघार घ्यायची हे सगळं त्याच अनुषंगाने ठरत जातं. म्हणून या लेखात दगडाइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, दगडाखालच्या जमिनीबद्दल लिहिलं आहे.

मुंबईकरांना हा खेळ परका वाटायचं कारण नाही. गिरिविहार ही मुंबईतली गिर्यारोहण संस्था १९५४ सालची. तिच्या पुढाकाराने २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगच्या जागतिक करंडक मालिकेतली एक-एक फेरी नवी मुंबईत झाली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकपासून बोल्डरिंग ऑलिम्पिकमध्येही आहे. शहरात कृत्रिम भिंती आल्या, त्यावर शिकणारी मुलं-मुली वाढल्या. यातले काही जण खऱ्या दगडाला हात लावायला बिचकतात, तर काही जण भिंतीखालच्या फूटभर जाडीच्या मॅटची सवय घेऊन तसेच ओढ्यातल्या धोंड्यावर चढतात. दोघांनाही उपयोग व्हावा असं लिहायचा प्रयत्न आहे.

आपला दगड

व्हिडिओंमध्ये दिसणारे पांढरट-करडे, बोट जाईल एवढ्या गोल भोकांचे दगड बहुतेक वेळा चुनखडीचे असतात. पाण्यात चुनखडी विरघळते, त्यातून ती भोकं तयार होतात. आपल्याकडे बसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्हाचा. या दगडाची वागणूक वेगळी आहे आणि ती हाताला कळेपर्यंत अवघड चढायांच्या मागे लागू नये.

घट्ट, काळा बसाल्ट मिळाला तर त्याच्यासारखा भरवशाचा दगड नाही. त्याच्या कडा धारदार असतात, बोटाच्या पेराएवढी खाचसुद्धा वजन घेते. काही थरांत लाव्हातले वायूचे बुडबुडे तसेच राहून गेलेले असतात. ती बारीक भोकं पायाला छान पकड देतात, पण बोटांची साल काढतात. पुष्कळदा या भोकांमध्ये पांढरी खनिजं भरलेली दिसतात. झिओलाइट म्हणतात ती हीच, किंवा गारेचे खडे. असा पांढरा खडा पायाखाली घेऊ नका. तो गुळगुळीत असतो आणि कधी कधी अख्खा निखळून येतो.

सगळ्यात फसवा तो कुजका बसाल्ट. हवा-पाण्याने त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. बाहेरून पकड भक्कम दिसते, मागे मात्र पोकळी असते. ओळखायची रीत सोपी आहे. तळहाताच्या टाचेने दगडावर ठोका. भरीव दगडाचा आवाज बंद, बोथट येतो. पापुद्रा सुटला असेल तर ढब्ब असा पोकळ आवाज येतो. हाताला कंप जाणवला तर ती पकड सोडून द्या. ओढून बघायची असेल तर खालच्या बाजूला दाब देऊन बघा, स्वतःच्या अंगाकडे ओढू नका.

ओढ्याच्या पात्रातले धोंडे आणि काठावरचे धोंडे यांतही फरक असतो. पात्रातल्यांना पावसाच्या पाण्याने आणि वाहत्या दगडगोट्यांनी घासून गुळगुळीत केलेलं असतं. तिथे पायाचं घर्षण कमी मिळतं. काठावर, पाण्याच्या रेषेच्या वर असलेल्या दगडाचा खरखरीतपणा टिकून असतो. सुरुवात नेहमी काठावरच्या धोंड्यांवर करा.

जागा

बेलापूर हे सुरुवातीसाठी सगळ्यात सोयीचं. हार्बर मार्गावर सीबीडी बेलापूरला उतरायचं, तिथून रिक्षाने सेक्टर ८ मधल्या आर्टिस्ट व्हिलेजकडे. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ही वसाहत पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. मागच्या बाजूने डोंगरातून ओढा उतरतो, त्याच्या आसपास आणि वरच्या उतारावर धोंडे आहेत. चढून थोडं उंचावर आलात की मागे पनवेलची खाडी दिसते.

मुंब्र्याचा डोंगर जुन्या पिढीतल्या आरोहकांच्या जास्त ओळखीचा. मुंबई-ठाण्याच्या संस्थांचे प्रस्तरारोहणाचे वर्ग तिथे चालत आले आहेत. कडे उंच आहेत, पायथ्याला बोल्डर आहेत, पण घसाराही आहे. डोक्यावरच्या कड्यावरून दगड येऊ शकतो अशा ठिकाणी बोल्डरिंग करायचं नाही, मग खालचा धोंडा कितीही सुंदर असो. मुंब्र्याला पहिल्यांदा जाताना ती जागा माहीत असलेल्या कुणाबरोबर तरी जा.

कुठे जायचं नाही हेही सांगायला हवं. कान्हेरी हे संरक्षित स्मारक आहे. तिथल्या लेण्यांच्या कातळावर, पायऱ्यांच्या बाजूच्या दगडांवर, पाण्याच्या टाक्यांच्या कडांवर चढणं हा १९५८ च्या स्मारक कायद्याचा भंग होऊ शकतो आणि कायदा नसता तरी ते चूकच झालं असतं. त्याभोवतीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तिकीट काढून आत जाता येतं, पण तिकीट म्हणजे रस्ता सोडून दगडांवर चढायची परवानगी नव्हे. ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. ते बिबट्यांचं राहतं घर आहे, ही गोष्ट वेगळीच. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलकडे बघून हात शिवशिवतात हे मान्य, पण उभ्या खांबांची तशी रचना जगात फार थोड्या ठिकाणी आहे. तिला फक्त बघावं.

बेलापूर-मुंब्र्याच्या डोंगराचाही बराच भाग वनखात्याच्या ताब्यात आहे. संस्थेबरोबर किंवा दहा-बारा जणांच्या गटाने जाणार असाल तर आधी वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात विचारून घ्या.

ऋतू आणि वेळ

जून ते सप्टेंबर विसरून जा. ओला, शेवाळलेला बसाल्ट हा एक धोका, आणि ओढ्याचं पाणी हा त्याहून मोठा. वर डोंगरात सर येते, खाली ऊन असतं आणि काही मिनिटांत पात्र भरतं. २०२४ च्या जुलैत बेलापूरच्या डोंगरात असेच पर्यटक ओढ्यापलीकडे अडकले होते आणि अग्निशमन दलाला व पोलिसांना त्यांना बाहेर काढावं लागलं. पावसाळ्यात अशा धबधब्यांवर आणि खारघरच्या पांडवकड्यावर बंदीचे आदेशही निघतात. पूर्वी कलम १४४ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं कलम १६३ आहे.

ऑक्टोबरमध्ये दगड कोरडा दिसतो, पण हवा घामट असते आणि गवत कमरेएवढं. खरा मोसम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत.

या दिवसांतही वेळ महत्त्वाची. हिवाळ्यात मुंबईत सकाळी वारा जमिनीकडून, पूर्व-ईशान्येकडून येतो. तो कोरडा असतो. दुपारच्या सुमाराला वारा फिरतो, समुद्राकडून यायला लागतो आणि हवेतला दमटपणा वाढतो. बोटांना हा फरक लगेच कळतो. सकाळी साडेआठला जी खाच कोरडी आणि खरखरीत लागते, तीच दुपारी एकला चॉक लावूनही निसटते. त्यात काळा दगड ऊन शोषून तापतो. म्हणून उजाडताना घरातून निघायचं, आठपर्यंत दगडाशी पोचायचं आणि अवघड चढाया साडेदहा-अकराच्या आत उरकायच्या. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दगडांवर सकाळभर सावली असते, त्या आधी शोधा.

पोचल्यावर एखाद्या उंच इमारतीवरचा झेंडा किंवा गवताची टोकं कुठे झुकली आहेत ते बघायची सवय लावून घ्या. वारा फिरला की आराम करायचा किंवा सोप्या चढाया करायच्या.

सामान

बूट स्वतःचे हवेत. पहिल्या जोडीला फार वाकडी, बोटं दुमडणारी बनावट नको. सपाट तळव्याचे, बोटं टोकाला टेकतील पण दुखणार नाहीत असे घ्या. बसाल्टच्या बारीक कडांवर उभं राहायला थोडा कडक तळवा बरा पडतो.

चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. जिम्नॅस्ट वापरतात तोच. त्याबरोबर एक मऊ दातांचा ब्रश. तारेचा ब्रश दगडावर कधीही नाही.

पॅडबद्दल मात्र सविस्तर. चांगल्या पॅडमध्ये दोन थर असतात. वरचा दोन-अडीच सेंटिमीटरचा कडक, बंद छिद्रांचा फोम पडणाऱ्याचं वजन पसरवतो. खालचा आठ-दहा सेंटिमीटरचा मऊ फोम ते वजन हळूहळू शोषतो. हे दोन थर आणि त्यांचा हा क्रम, दोन्ही आवश्यक. नुसता मऊ फोम असेल तर पाय थेट जमिनीला लागतो. कापसाची गादी तर अजिबात नको, ती एका जागी दबते आणि घोटा मुरगळतो. आयात केलेला पॅड महाग पडतो, त्यामुळे बरेच जण फोमच्या दुकानातून हे दोन थर घेऊन जाड कॅनव्हासचं कव्हर शिवून घेतात. तसं करायला हरकत नाही, पण वापरण्याआधी तो घराच्या फरशीवर टाकून त्यावर गुडघ्याने जोरात दाबून बघा. गुडघ्याला फरशी लागली तर तो पॅड खोलीत बसायला ठीक, दगडाखाली नाही. मीटरभर रुंद आणि त्याहून थोडा लांब एवढा आकार पुरेसा. सुरुवातीच्या गटाकडे असे किमान दोन पॅड हवेत.

याशिवाय माणशी दोन लिटर पाणी, ओआरएस, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, जंतुनाशक, छोटी विजेरी, एक जुनी केरसुणी आणि कचऱ्याची पिशवी. केरसुणी कशाला ते पुढे येईल.

लोकलने जाताना पॅड रविवारी सकाळी मालडब्यात घ्या, दारात उभा करू नका. शनिवारी संध्याकाळीच मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघून ठेवा. हार्बरचा ब्लॉक साधारण अकरा ते चारच्या दरम्यान असतो, म्हणजे नेमका परतीच्या वेळी. मग ट्रान्स-हार्बरने ठाण्यामार्गे यायची तयारी ठेवावी लागते.

किमान तिघं हवेत. एक चढेल, एक स्पॉटिंग करेल म्हणजे खाली उभा राहून पडणाऱ्याला पॅडकडे वळवेल, तिसरा पॅड सरकवेल आणि वेळ पडली तर मदत आणायला जाईल. दोघं असाल तर कमरेएवढ्या उंचीच्या आडव्या चढायांवर समाधान माना.

पोचल्यावर पहिला अर्धा तास

दगडाला हात लावायच्या आधी त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारा. तीन गोष्टी बघायच्या: खाली काय आहे, वर काय आहे आणि उतरायची वाट कुठे आहे.

आधी खाली. शहराजवळच्या प्रत्येक डोंगरात बाटल्या फुटलेल्या असतात. पॅड टाकायच्या जागेवर उकिडवे बसा आणि गवताच्या मुळाशी नजर न्या. उभं राहून काच दिसत नाही, बसल्यावर उन्हात चमकते. मोठे तुकडे हाताने वेचा, बारीक चुरा केरसुणीने एका बाजूला घेऊन पिशवीत भरा. पॅडच्या कव्हरमधून काच आत गेली तर फोम फाटतो, आणि पायाचं काय होईल ते सांगायला नको. मग सुटे दगड बाजूला करा. जमिनीत रुतलेला, टोक वर आलेला दगड निघत नसेल तर त्या टोकावर पॅडचा मधला भाग येईल असं बघा, आणि दोन पॅडमध्ये तो झाकला जात नसेल तर दुसरा धोंडा निवडा. इथे तडजोड करू नका. आमच्या ओळखीतल्या आरोहकांच्या बहुतेक दुखापती कठीण चढायांवर झालेल्या नाहीत; सोप्या चढाईवरून वाईट जमिनीवर उतरताना झाल्या आहेत.

मग वर. मागच्या बाजूने माथ्यावर जाऊन बघा. तिथे सुकं गवत, मुरूम, सुटी खडी असेल तर ती झाडा. चढून आल्यावर तुमचे दमलेले हात नेमके तिथे पडणार असतात. मधमाश्यांचं पोळं दिसलं, विशेषतः कड्याच्या आडोशाला लटकलेलं आग्यामोहोळ, तर आवाज न करता तिथून दूर जा. अत्तर-डिओ लावून येऊ नका. कपारीत घुबडाचं घरटं असू शकतं. शृंगी घुबड हिवाळ्यातच कातळाच्या कडांवर अंडी घालतं. पक्षी पुन्हापुन्हा उडून जवळ येऊन बसत असेल तर त्या मोसमापुरता तो दगड सोडा.

कपारीत हात घालण्याआधी विजेरी मारून बघायचीच. फुरसं दगडाखाली, पालापाचोळ्यात असतं. घोणस हिवाळ्याच्या सकाळी उन्हात पडलेली सापडते. चालताना काठी आपटत चला. साप चावलाच तर जखम कापणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं यातलं काहीही करायचं नाही. माणसाला शांत बसवायचं, चावलेला अवयव हलू द्यायचा नाही, अंगठी-घड्याळ काढायचं आणि १०८ ला फोन करून प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात लवकरात लवकर न्यायचं.

आणखी एक, ज्याची नवख्यांना कल्पना नसते: खाजकुयली. थंडीत तिच्या तपकिरी, मखमली शेंगा वाळतात आणि वाऱ्याने त्यांची कुसं दगडावर पसरतात. वेल दगडावर आली असेल तर तो दिवस तिथे फुकट गेला असं समजा.

एवढं झालं की अंग गरम करा. दहा मिनिटं चालणं-उड्या, खांदे-मनगटं फिरवणं, मग मोठ्या पकडींवर पाय जमिनीपासून फूटभर उंच ठेवून आडवं जाणं. बोटांच्या शिरा थंड असताना बारीक खाचेवर लटकणं म्हणजे महिनाभराच्या विश्रांतीला आमंत्रण. सोळा वर्षांखालच्या मुलांच्या हाडांची वाढ सुरू असते, त्यांनी बोटं घट्ट दुमडून बारीक कडांवर लटकण्याचा सराव टाळावा.

पडायला शिकणं

पहिल्या दिवशी चढण्याआधी पडायचा सराव करा. अजिबात लाजू नका. गुडघ्याएवढ्या उंचीवरून पॅडवर उडी, मग कमरेएवढ्या, मग छातीएवढ्या. दोन्ही पाय एकत्र टेकले पाहिजेत, गुडघे वाकलेले, आणि पाय टेकताच कंबर मागे सोडून पाठीवर लोळायचं. हनुवटी छातीकडे. हात पुढे, छातीशी. हात मागे टेकवायची इच्छा प्रत्येकाला होते आणि मनगट-कोपर मोडतात ते तिथेच. ही इच्छा मोडायची तर ती खालच्या उंचीवर, पुन्हापुन्हा सराव करूनच मोडते.

आता पॅड कुठे टाकायचा. चढायच्या जागेच्या खाली, असं उत्तर बहुतेक जण देतात. ते अर्धवट आहे. पूर्ण चढाईतली सगळ्यात अवघड हालचाल कुठली ते ठरवा, त्या वेळी चढणाऱ्याची कंबर कुठे असेल ते बघा आणि तिथून सरळ खाली पॅड टाका. दगड आपल्याकडे झुकलेला असेल तर हात सुटताच शरीर मागे झोकलं जातं, म्हणून पॅड दगडापासून थोडा लांब. दगड आपल्यापासून दूर कललेला, म्हणजे स्लॅब असेल तर माणूस घसरत दगडाला लागूनच खाली येतो, म्हणून पॅड दगडाला चिकटवून. दोन पॅड जोडले तर मधली फट हा घोट्यासाठी सापळा असतो. ती फट पडायच्या जागेत येऊ देऊ नका, किंवा त्यावर पातळ चटई टाका.

स्पॉटर चढणाऱ्याला झेलत नसतो. साठ-सत्तर किलोचं शरीर दीड मीटरवरून हातात झेलायला गेलं तर दोघंही पडतात. स्पॉटरचं काम एवढंच की पडणाऱ्याची कंबर पॅडकडे वळवायची आणि डोकं दगडावर आपटू द्यायचं नाही. पाय पुढे-मागे, कोपर किंचित वाकलेले, अंगठे बोटांना लागून आत. अंगठा बाहेर राहिला तर तो मुरगळतो. नजर चढणाऱ्याच्या कमरेवर, हातांवर नाही. फोन खिशात. कुणी गप्पा मारायला आलं तर उत्तर नंतर.

आणि बोला. "पाय सुटतोय," "येतोय," "दादा, पॅड डावीकडे घ्या," हे मोठ्याने बोलायची सवय ठेवा. वयाने मोठा आरोहक स्पॉटिंग करत असला तरी त्याला सांगायला संकोच करू नका. चांगल्या आरोहकाला ते हवंच असतं.

खाली जमीन वाईट आणि पॅड कमी असतील तर नवख्याने हेल्मेट घालावं असं माझं ठाम मत आहे. बोल्डरिंगमध्ये हेल्मेट दिसत नाही, पण डोकं प्रत्येकाला एकच असतं.

पहिला प्रॉब्लेम

बोल्डरिंगमध्ये एका ठरलेल्या सुरुवातीपासून शेवटपर्यंतच्या चढाईला प्रॉब्लेम म्हणतात. पहिल्या दिवशी माथा तुमच्या उंच केलेल्या हातापेक्षा फूटभराहून जास्त वर नसलेला स्लॅब निवडा.

बूट घालण्याआधी बुटांचे तळवे पुसा. दोन्ही तळवे एकमेकांवर घासले की चिकट किर्र असा आवाज आला पाहिजे. धूळ असेल तर येत नाही. मग खालून वरपर्यंत प्रत्येक पाय कुठे ठेवणार ते बोटाने दाखवा. हात कुठे ठेवणार हे नवखा नेहमी ठरवतो, पाय कुठे हे ठरवत नाही आणि मध्यावर अडकतो.

स्लॅबवर टाच खाली ठेवा, म्हणजे तळव्याचा जास्त भाग दगडाला लागेल. कंबर दगडाला चिकटवू नका. तसं केलं की वजन पायांवरून सरकतं आणि पाय निसटतात. बाहेर झुका, पाय दिसू द्या. पाय एकदा ठेवला की तो हलवू नका. दगडावर पाय पुसत राहिलात तर रबर धूळच गोळा करतं. बारीक खाचेवर बुटाचं टोक, अंगठ्याच्या आतल्या बाजूचं, नेमकं ठेवा आणि वजन टाकताना आवाज येऊ देऊ नका. पाय आपटल्याचा आवाज येतोय तोवर नजर पायाआधी निघून जाते आहे, असं समजायचं.

नाही जमलं तर तीन-चार मिनिटं थांबा आणि मग पुन्हा. लागोपाठच्या प्रयत्नांत बोटं थकतात, दगड तसाच राहतो. थांबलेल्या वेळात पकडीवरचा चॉक ब्रशने झाडा. जास्त चॉक साचला की पकड निसरडी होते.

अवघडपणा मोजायची पट्टी अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्युको टँक्समध्ये तयार झाली, व्ही शून्यापासून सुरू होणारी. सध्या ती व्ही सतरापर्यंत पोचली आहे. पहिल्या मोसमात तिच्याकडे फार बघू नका. आपल्या डोंगरातल्या अनेक प्रॉब्लेमना ठरलेली ग्रेड नाहीच, आणि ज्यांना आहे ती सांगणाऱ्याच्या उंचीवर आणि हातांच्या लांबीवर बरीच अवलंबून असते.

माथ्यावर येणं आणि उतरणं

कृत्रिम भिंतीवर वरचा होल्ड दोन्ही हातांनी धरला की संपलं. खऱ्या दगडावर तिथून खरी अडचण सुरू होते, कारण तुम्हाला वर उभं राहायचं असतं. कडेवर दोन्ही हात, एक टाच उचलून हातांच्या बाजूला कडेवर, मग एक तळहात उलटा करून, बोटं आत वळवून, खाली दाबायचं. ओढायचं थांबवून ढकलायला लागायचं. याला मँटल म्हणतात. कमरेएवढ्या ओट्यावर किंवा घराच्या कठड्यावर याचा सराव करता येतो, तो करून या. माथ्यावर येताना पाय सर्वांत उंचावर असतात आणि स्पॉटर पोचत नाही, म्हणजे पडायची सगळ्यात वाईट जागा हीच. म्हणून माथा आधी झाडून ठेवायचा आणि म्हणून मध्यावर शंका आली तर तिथूनच खाली उतरायचं, आणखी एक पाऊल वर टाकून बघायचं नाही.

उतरताना कधीही माथ्यावरून उडी नको. पॅड असला तरी नको. आधी पाहून ठेवलेल्या वाटेने, दगडाकडे तोंड करून उतरा. वाटच नसेल तर तो दगड पहिल्या वर्षी तुमच्यासाठी नाही.

जागेची राखण

शेंदूर लावलेला दगड देवाचा असतो, त्यावर चढायचं नाही, चॉकचा हातही लावायचा नाही. ओढ्यावर कुणी धुणं धूत असेल, आंघोळीला आलं असेल तर पलीकडे सरका. डोंगर त्यांच्या रोजच्या वापरातला आहे. पाड्यातल्या माणसांना वाट विचारली की ती साप कुठे दिसला, पाणी कुठे आहे हेही सांगतात. पकडी दाखवण्यासाठी चॉकने केलेल्या खुणा निघताना पुसा. दगडावर नाव लिहू नका, खाच कोरू नका, सिमेंट-डिंक लावून होल्ड पक्का करू नका. बाजूला केलेले सुटे दगड जागेवर ठेवा, त्याखाली जे राहतं त्याला परत घर मिळू दे. फेब्रुवारीनंतर गवत वाळलेलं असतं, एका काडीने वणवा लागतो, त्यामुळे विडी-सिगारेट आणि चूल दोन्ही बंद.

दुखापत झाली तर

घोटा मुरगळला तर बूट लगेच काढा, सुजल्यावर तो निघत नाही. मग क्रेप बँडेज बांधा, पाय उंच ठेवा. वजन टाकता येत नसेल तर मोडला आहे असंच धरून चाला आणि पॅडवर बसवून दोघांनी-तिघांनी उचलून आणा. डोक्याला मार लागल्यावर उलटी, झापड, विचित्र बोलणं यातलं काहीही दिसलं तर घरी न जाता थेट रुग्णालय. पाठीला किंवा मानेला लागलं असेल तर हलवू नका, १०८ किंवा ११२ ला कळवा आणि एकाला रस्त्यापर्यंत पाठवा, कारण आत ओढ्यात रुग्णवाहिका येत नाही.

घरी आल्यावर आणि पुढे

बोटांच्या टोकांना लोंबणारी साल असेल तर नखकात्रीने कापून घासून घ्या, ओढून काढू नका. हात धुऊन खोबरेल तेल लावा. बोटांना पुढचे दोन दिवस विश्रांती हवी. कातडी दिवसाभरात भरते, पण बोटांच्या शिरांना वेळ लागतो. बोटाच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूने दाबल्यावर दुखत असेल तर ते जाईपर्यंत चढायचं नाही.

बेलापूरचा एक मोसम नीट केला की बदामीला जायची इच्छा होईलच. मुंबईहून गदगकडे जाणारी गाडी बदामीला थांबते. तिथला दगड वालुकाश्म आहे, आणि भिजल्यावर तो कमजोर होतो. आपल्या बसाल्टवर सर येऊन गेल्यावर ऊन पडलं की तासा-दोन तासांत चढता येतं. बदामीला पाऊस पडून गेला असेल तर वरून कोरडा दिसला तरी दोन दिवस थांबायचं, नाहीतर पकड हातात तुटून येते आणि तो प्रॉब्लेम पुढच्या सगळ्यांसाठी संपतो.